कान बांधलेली गाडी

"कान बांधलेत का, भाऊजी?"

ऑक्टोबरातल्या पहिल्या गार झुळकीपासून थेट ट्यूलिप उमलेपर्यंत वहिनींच्या तोंडी हा एकच प्रश्न. मला विचारायच्या, टपालवाल्याला विचारायच्या, उघड्या डोक्यानं सायकल हाणणाऱ्या सहा फुटी डच पोरांना हात करून थांबवायच्या आणि विचारायच्या. विमानतळाला खेटून असलेल्या आमच्या बाडहूव्हडॉर्पच्या गल्लीत मराठी घरं दोनच, त्यांचं आणि आमचं. पण हे वाक्य अख्ख्या गल्लीला पाठ. समोरचा डच म्हातारा तर सकाळी कुत्रं फिरवताना मला नमस्काराच्या जागी "कान बांद्लेत का" असंच म्हणायचा. मीही टोपीला हात लावून दाखवायचो.

माणसांची हजेरी झाली की वहिनी पार्किंगमधल्या आपल्या लाल गाडीपाशी जायच्या आणि तिचे कान सोडायच्या.

खोटं वाटतंय ना? मंडळी, मी वाढवून सांगतो अशी माझी ख्याती आहे आणि ती मी कष्टानं मिळवलेली आहे. पण गाडीचे कान मी या डोळ्यांनी पाहिलेत. दोन बाजूंना दोन आरसे, आरशांवर वहिनींनी स्वतः विणलेल्या लोकरीच्या दोन कानटोप्या, खाली नाडीची गाठ. समोरच्या काचेवर चादर, चादरीवर गोधडी, गोधडीची टोकं दारांत चेपलेली. वायपर काचेला चिकटू नयेत म्हणून दोन्ही हात वर करून ठेवलेले. नवखा माणूस लांबून बघायचा आणि आवाज न करता पुढे जायचा. कुणीतरी झोपलंय असंच वाटायचं.

वहिनींचं शास्त्र सोपं होतं. हिवाळ्यात गाडी म्हणजे बाळंतीण. तिला वारा लागू द्यायचा नाही, अंगाला तेल लावायचं, पोट शेकायचं, कान बांधायचे आणि तिच्यावर ओरडायचं नाही. रोज संध्याकाळी बॉनेट उघडून त्या बॅटरीला गरम पाण्याच्या पिशवीनं शेक द्यायच्या. समोरच्या कप्प्यात डिंकाचे लाडू ठेवलेले असायचे.

"वहिनी, गाडी लाडू खाते?" मी विचारलं.

"गाडी कशाला खाईल? चालवणारी खाते. एकीचं बाळंतपण करताना दुसरीनं उपाशी मरायचं का?"

त्यांचे मिस्टर विमानतळावरच्या एका मालवाहतूक कंपनीत संगणकाचं काम बघायचे. मोजकं बोलणारा, नाकासमोर चालणारा गृहस्थ. "अगं, लोखंड आहे ते," असं ते म्हणायचे.

"लोखंडच आहे म्हणून तर जपायचं. अंगात रक्त कमी झालं की डॉक्टर काय देतात? लोखंडच ना?"

यावर मिस्टर चष्मा पुसत बसायचे.

आता तुम्ही म्हणाल, बाई मोठी जाणकार असणार. छे हो! पहिल्या हिवाळ्यात त्यांना कुणीतरी सांगितलं की दाराच्या रबराला तेल चोळलं की दार गोठत नाही. वहिनींनी घरातलं खोबरेल तेल घेतलं आणि चारी दारांना यथासांग मालिश केली. खोबरेल तेलाचा स्वभाव मी तुम्हाला काय सांगू? पुण्यात जरा गारठा पडला की ते बाटलीत दगड होऊन बसतं. इथे तर कालवे गोठायला निघालेले! सकाळी चारी दारं अशी बसली होती की गवंड्यानं चुन्यात बसवावीत. वहिनींनी ओढलं, मी ओढलं, टपालवाल्यानं ओढलं. शेवटी त्यांनी डिकी उघडली, आधी डबे आत सरकवले आणि मागोमाग स्वतः सरकल्या.

तेवढ्यात समोरचा म्हातारा कुत्र्यासकट आला. डिकीतून बाहेर राहिलेल्या दोन पायांना त्यानं अदबीनं विचारलं, "मेफ्राऊ, गाडी आजारी आहे का?"

आतून वहिनींनी आपल्या नव्या कोऱ्या डचमध्ये उत्तर दिलं, "आजारी नाही. बाळंतीण आहे."

म्हातारा तडक घरी गेला आणि ताटली घेऊन परत आला. ताटलीत गोल टोस्ट, त्यावर लोणी, लोण्यावर गुलाबी-पांढरी साखरेची बडीशेप. इथे घरात मूल जन्मलं की हेच वाटतात. चेहऱ्यावरची एक सुरकुतीही न हलवता त्यानं विचारलं, "मुलगा की मुलगी?"

वहिनी गाडीतल्या गाडीत इतक्या हसल्या की काचेवरचं बर्फ पडलं असं मी सगळीकडे सांगतो. खरं तर त्या हसल्या आणि मग टोस्ट हातात धरून तशाच बसून राहिल्या.

"आमच्या मुलीच्या वेळी असेच टोस्ट आले होते," त्या मला नंतर म्हणाल्या. "आईचा व्हिसा काही झाला नाही. जानेवारी होता. इथल्या पद्धतीप्रमाणे एक नर्सबाई आठवडाभर घरी यायची. स्वभावानं सोनं हो! पण आली की खिडक्या सताड उघडायची आणि मला गार पाव आणि चीज द्यायची. तिचं काय चुकलं? पण कान बांध म्हणणारं कुणी नव्हतं."

त्या दिवसापासून त्या तिळाचं तेल वापरू लागल्या. दारं उघडू लागली. टपालवाला एका श्रमातून सुटला.

गाडीचं एवढं कौतुक का, ते ऐका. वहिनी या देशात आल्या त्या नवऱ्याच्या नोकरीमागून. बरीच वर्षं घरात काढली आणि मग डबे सुरू केले. विमानतळाच्या मालगोदामांत पहाटेच्या पाळीला येणारी आपली पोरं त्या डब्यांवर जगायची. तिकडे बस धड जात नाही आणि सायकलवर पोळ्यांचे डोंगर मावत नाहीत. मग वहिनींनी गाडी शिकून घेतली. परीक्षक त्यांना पास करून लगेच लांबच्या सुट्टीवर गेला असं म्हणतात; म्हणतात म्हणजे मीच म्हणतो. डब्यांच्या कमाईतून ही म्हातारी लाल गाडी घेतली.

एकदा दोघं आमच्याकडे जेवायला आले होते. मिस्टरांनी नुकतीच नवी कोरी विजेवरची गाडी घेतली होती. पिठलं वाढून घेता घेता ते म्हणाले, "दोन गाड्या हव्यात कशाला? ती जुनी भंगारात देऊ."

"आणि माझे डबे?"

"थांबव की थोडे दिवस. किती दमतेस!"

वहिनींनी हातातला घास ताटात ठेवला. "या देशातला माझा प्रत्येक कागद तुमच्या नावाला बांधलेला आला. ही गाडी तेवढी माझ्या एकटीच्या नावावर आहे. ती गेली की डबे गेले, आणि मी पुन्हा अमक्याची बायको म्हणून खिडकीत."

तेवढ्यात वरून एक विमान गेलं. आमच्याकडे अवघड वेळी नेहमी जातं.

मिस्टर हळूच म्हणाले, "अगं, पण रस्त्यात बंद पडली म्हणजे? बरं, असं करू. या हिवाळ्यात एक दिवस जरी ती सुरू झाली नाही, तर भंगार. सगळा हिवाळा चालली, तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

"कबूल. भाऊजी साक्षीदार."

आणि मंडळी, हिवाळ्यानं नेमकं हे ऐकलं असावं. असा गारठा पडला की दूध उतू जायला धजेना. आमच्या आंघोळीच्या पाण्याची वाफ घराबाहेर पडायचं नाव काढीना. कालव्यावर लोक स्केटिंग करत ऑफिसला निघाले. गल्लीतल्या तरण्याताठ्या गाड्या एकेक करून आडव्या पडल्या. माझी तर दुसऱ्याच दिवशी गेली.

लाल गाडी मात्र रोज उठायची. वहिनी पहाटे मागच्या स्वयंपाकघरात पोळ्या आटपून यायच्या, कान सोडायच्या, बॉनेटवर तळहात ठेवून "ऊठ बाई" म्हणायच्या आणि किल्ली फिरवायच्या. ती खोकायची, कुरकुरायची. आम्ही सगळे पडद्याआड श्वास रोखून उभे. आणि मग घरघर सुरू! समोरचा म्हातारा खिडकीतून अंगठा दाखवायचा.

सगळ्यात कडक थंडीच्या पहाटे मला लवकर जाग आली. खाली पाहतो तर अंधारात लाल गाडीचं बॉनेट उघडं आणि त्यात कुणीतरी कमरेपर्यंत शिरलेलं. चोर! मी कोट चढवला, हातात लाटणं घेतलं आणि सिंहासारखा खाली गेलो. बायको म्हणते मांजरासारखा.

बॉनेटमधून मिस्टर बाहेर आले. मफलर, कानटोपी, हातात गरम पाण्याची पिशवी.

"श्श! तिला सांगू नका हो."

"पैज तुमची आणि शेकही तुम्हीच देताय?"

"संध्याकाळचा शेक पहाटेपर्यंत टिकत नाही. रोज येतो मी. फिरायला जातो म्हणून सांगतो." ते आरशापाशी वाकले आणि सुटलेली नाडी बांधू लागले. "वाऱ्यानं सैल होतात." गाठ बसल्यावर म्हणाले, "मुलीच्या वेळी काही जमलं नाही हो. खिडकी उघडी असायची आणि मी ऑफिसात."

मी लाटणं पाठीमागे लपवलं.

त्या दिवशी गंमत अशी झाली की लाल गाडी एका हाकेत उठली आणि नवी विजेची गाडी दारच उघडेना. मिस्टर ऑफिसला गेले ते बायकोच्या शेजारी बसून, मांडीवर उसळीचं पातेलं घेऊन.

फेब्रुवारी सरला. वहिनी पैज जिंकल्या. पोटात गुपित ठेवून माझी तब्येत बिघडत चालली होती, म्हणून मी एक दिवस आडून विचारलं, "वहिनी, एवढ्या थंडीत एकटीनं सांभाळलीत गाडी?"

त्या पोळपाट पुसत म्हणाल्या, "एकटीनं कुठे? मी साधी गाठ मारते. सकाळी बघावं तर बुटाची, फुलाफुलाची."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं! मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर लाजून बंद केलं असतं त्यांनी. चांगलं काम करताना पुरुषाला पकडू नये, भाऊजी. ते तिथेच राहतं."

आता ती दोघं आर्नहेमला असतात. मिस्टरांना तिकडे नोकरी लागली, वहिनींनी तिकडे डबे सुरू केले. गारठा पडला की त्यांचा फोन येतो. पहिला प्रश्न कोणता, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्या जागेवर आता कुणाची तरी करडी गाडी उभी असते, उघड्या कानांची.

लाल गाडी मात्र आर्नहेमला गेली नाही. सगळा हिवाळा काढलेली ती बाई मे महिन्यातल्या एका सोनेरी दुपारी सिग्नलला थांबली ती उठलीच नाही. मेकॅनिकनं मान हलवली. मिस्टरांनी पैजेच्या प चाही उच्चार केला नाही. वहिनींना घेऊन एक वापरलेली छोटी व्हॅन बघून आले, आणि निघताना स्वतःच म्हणाले, "कागद तुझ्या नावावर करून घे."

भंगारात न्यायला ट्रक आला त्या दिवशी गल्ली अर्ध्या बाह्यांत. लाल गाडी ट्रकवर चढली आणि वहिनी आतून कानटोप्या घेऊन आल्या.

"वहिनी, मे महिना आहे!"

"वाटेत वारा असतो, भाऊजी."

त्यांनी अलीकडच्या आरशाला टोपी घातली, साधी गाठ मारली. पलीकडच्या आरशापर्यंत हात पोचेना. मिस्टरांनी त्यांच्या हातातून दुसरी टोपी घेतली, ट्रकवर चढले आणि सगळ्यांच्या देखत, सावकाश, बुटाची फुलाफुलाची गाठ बांधली. वहिनी त्या गाठीकडे पहिल्यांदाच पाहत असल्यासारख्या पाहत राहिल्या.

"छान बांधता हो," एवढंच म्हणाल्या.

ट्रक हलला. समोरचा म्हातारा अर्ध्या चड्डीत दारात उभा होता. त्यानं हाक मारून विचारलं, "कान बांद्लेत का?"

"बांधलेत," मिस्टर म्हणाले. "दोन्ही."