माझं लहानपण काकूच्या तोंडी

दसरा झाला की वस्तीवर मुकादमाचा ट्रॅक्टर यायचा. विहिरीत पाणी नाही, रानात पीक नाही. माय आणि दादा, म्हणजे माझे वडील, भांडीकुंडी त्यात टाकून कारखान्याकडं ऊस तोडायला जायचे, ते पाडव्याच्या सुमाराला परत. तेवढे महिने मी चुलत्याच्या घरी. चुलता गावच्या सोसायटीत शिपाई होता, म्हणून काकूला कधी गाव सोडावं लागलं नाही.

काकूनं मला काही कमी केलं नाही, हे आधीच सांगते. पण माझं सगळं लहानपण तिच्याकडं जमा झालं. मला गोवर कधी निघाला, पहिला दात कुठं पडला, बालवाडीत मी कुणाला चावले, सगळं तिला पाठ. चार बाया जमल्या की ती रंगवून सांगायची. माय तिथंच ज्वारी पाखडत बसलेली. कुणी तिला विचारलं तर म्हणायची, "आसंल बाई. माझ्या ध्यानात न्हाई."

तेव्हा मला काकूचं हसणंसुद्धा सहन व्हायचं नाही. चुलत बहिणीच्या गोष्टी तिची आई सांगते, माझ्याही तिचीच आई सांगते. मग माझ्या मायकडं काय राहिलं? तिला तर भाजीत मीठ टाकलं का नाही तेही आठवायचं नाही. चुलीवर दूध ठेवून ती दळणाला निघून जायची.

बीडला बी.एस्सी.ला होते, तेव्हा सरांनी एक धडा शिकवला. रोजच्या ताणानं मेंदूतला आठवणी साठवणारा भाग दुबळा होतो. कोंडून ठेवलेले उंदीर ओळखीची वाट विसरतात. क आणि ई जीवनसत्त्व दिलेले उंदीर त्या मानानं बरे राहतात, कारण पेशींची होणारी झीज ही जीवनसत्त्वं थोडी रोखतात. मला त्या उंदरांचाही हेवा वाटला. त्यांना निदान कुणी खाऊ तरी घालत होतं, मायला कोण घालणार?

तास संपल्यावर मी विचारलं, माणसाला आवळे दिले तर गेलेली आठवण परत येईल का? सर म्हणाले, "द्या, चांगलेच असतात. पण खात्री नाही देता येत. आधी ताण कमी करा."

त्या साली दुष्काळानं ऊसच वाळला होता. माय दोन गाई घेऊन नेकनूरकडच्या चारा छावणीत राहत होती आणि दूध सहकारी संस्थेला घालत होती. शनिवारी मी आवळे, लिंबं, मूठभर शेंगदाणे घेऊन एसटीनं जायची आणि समोर बसून तिला खायला लावायची.

"गाईला पेंड आन मला आवळा," माय म्हणाली. "मला बी दावनीला बांध की."

मी हसले नाही. काकूला माझं सगळं आठवतं आणि तुला कसं काहीच नाही, असं सरळ विचारलं. तिनं आवळ्याची बी थुंकली.

"उसाच्या फडात तुझी आठवन आली की हात थांबायचा. हात थांबला की तुझा बाप वरडायचा. मंग आठवायचंच सोडून दिलं."

पुढच्या दसऱ्याला ट्रॅक्टर आला तेव्हा दुधावर घर चालत होतं. माय चढली नाही, दादाही नाही. आवळ्यानं काही झालं का, मला सांगता यायचं नाही. पण दूध उतू जायचं थांबलं.

माझा निकाल लागल्यावर माय संस्थेच्या दारात दुधाच्या रांगेत बायांना सांगत होती, "पोरगी यष्टीतून उतरली, तर एका पायात चप्पलच न्हाई. तुटली म्हनून हातात धरलेली. मला वाटलं, नापास झाली जनू." बाया हसल्या.

काकू किटली घेऊन मागंच उभी होती. तिला हे ठाऊक नव्हतं. मी तिच्या तोंडाकडं बघून घेतलं, चांगलं पोटभर.

आमच्या घराण्यात पहिली पदवीधर मी झाले. माय परत ऊसतोडीला गेली नाही.