कुसुमची पाच वॅटची डबी

फोन वाजला तेव्हा मी प्लग काढायला उठलो होतो. दुपारचे तीन वाजले असतील. परतीच्या पावसाचे दिवस, दाभोळच्या अंगाला आभाळ काळं झालेलं, आणि पहिला गडगडाट होऊन गेलेला. आमच्याकडे गडगडलं की घरातले प्लग काढायचे ही रीत घरोघरी आहे, माझ्या अंगात ती जरा जास्तच भिनलीय. टीव्हीचा काढला, फ्रिजचा काढला, आणि टीव्हीच्या फळीवर असलेल्या कुसुमच्या डबीला हात घालणार तेवढ्यात फोन. नंबर तिचाच. मला वाटलं, बाई दापोलीहून ओरडणार, "आवो, डबीला हात लावू नका." उचलला तर पुरुषाचा आवाज. "या बाईंचे तुम्ही कोण?" मी म्हटलं, "नवरा." तो एसटीचा कंडक्टर होता. म्हणाला, "बाबा, घरात आणखी कोण आहे का? त्यांच्याकडे फोन द्या." घरात आणखी कोणी नव्हतं. दापोलीच्या स्टँडवर गाडीत चढताना माझी बायको पायरीवरच बसली, ती उठली नाही. त्या दिवशी डबीचा प्लग तसाच राहिला. एवढं गडगडत असताना घरात एक प्लग लावलेला राहिला, असं जन्मात पहिल्यांदा झालं.

याला आता सहा आठवडे झाले. मुलगी ज्योती बदलापूरला असते, तिने मला हे लिहायला बसवलं. मी चौथी शिकलेला, उभा जन्म जांभ्या चिऱ्याच्या खाणीत गेला. शुद्धलेखन तिने बघितलंय, बाकी माझं आहे.

कुसुम दहावी पास होती. लग्न झालं तेव्हा वाडीत लोक मला म्हणायचे, "बायको पत्र वाचते तुझी, तू काय वाचतोस? दगड?" जवळच्या हायस्कुलात ती शिपाई लागली. पुढे तिथे कॉम्प्युटरची खोली झाली तशी तिला तिकडे टाकली. झाडायचं, पुसायचं, मशिनं चालू-बंद करायची. बघून बघून शिकली. सर रजेवर असले की मुलं तिलाच हाका मारायची. त्या मशिनांत लिनक्स म्हणून काही होतं. ते काय असतं, मी विचारलं, तर म्हणाली, "मशिनाला कामाला लावणारा मुकादम. फुकट मिळतो, आणि चोवीस तास उभा ठेवला तरी कुरकुर करत नाय." मी म्हटलं, "असला मुकादम आमच्या खाणीत कधी आला नाय गो." त्यावर ती बराच वेळ हसली होती.

डबीची गोष्ट मात्र हसण्यातून निघाली नाही. आमची बौद्धवाडी. आमच्या मुलांना जातीचा दाखला काढायचा, तो पडताळून घ्यायचा, तर आजा-पणजाचा शाळेतला जुना कागद लागतो. तो कागद असतो ट्रंकेत, आणि कोकणात ट्रंकेतला कागद म्हणजे वाळवीची शिदोरी. कुसुमच्या बापाचा कागद असाच गेला. शाळेच्या रजिस्टरातला नंबरही कुणाला माहीत नाही, साल माहीत नाही. तिच्या भावाने दोन वर्षं कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवल्या, शेवटी शिक्षण सोडून मुंबईला गोदामात लागला. तिने ते मनात धरलं होतं. रिटायर झाल्यावर वाडीतल्या प्रत्येक घरी जाऊन म्हणाली, "ट्रंक उघडा. तुमचा एकेक कागद मी ठेवते. कागद गेला असं या वाडीत परत होणार नाय."

मग ज्योतीकडून तिने तळहाताएवढं कॉम्प्युटरचं एक बोर्ड मागवलं. प्लास्टिकच्या डबीत बसवलेलं, मोबाईलसारख्या चार्जरवर चालणारं. त्याची वायर आमच्या टीव्हीच्या मागे लावली, आणि माझी बातम्यांची वेळ असताना टीव्ही काळा झाला न् त्यावर पांढरी अक्षरं धावायला लागली. एक ओळ मराठीत नाही. मी भ्यालो. म्हटलं, "फुटला टीव्ही!" ती म्हणाली, "फुटला नाय, मुकादम हजेरी घेतोय. गप बसा." तीन दिवस माझ्या बातम्या बुडाल्या. चौथ्या दिवशी तिने टीव्हीची वायर काढून टाकली. आता त्या डबीला पडदा नाही, कीबोर्ड नाही, पंख्याचा आवाज नाही. एक हिरवा दिवा तेवढा लुकलुकायचा. कुसुम ओटीवर बसून फोनवरून डबीशी बोलायची. "थांबा, मी आत गेलेय," म्हणायची, आणि मला उगाच कसंतरी व्हायचं. बाई ओटीवर बसलीय आणि म्हणते आत गेलेय. मी विजेच्या बिलाचं विचारलं तर म्हणाली, "पाच वॅट. झिरोच्या बल्बाएवढीसुद्धा वीज खात नाय. तुमच्या विडीला जास्त जाळ लागतो."

कागद शेजारणी आणून द्यायच्या, ही फोनने फोटो काढून डबीत ठेवायची. प्रत्येक घराचा कप्पा वेगळा. डबीचं स्वतःचं वायफाय ओटीपर्यंत यायचं, तिथे बसलं की ज्याला त्याला आपापल्या फोनवर आपला कागद दिसायचा, दुसऱ्याचा नाही. हे सगळं इंटरनेटवर का नाही ठेवत, असं ज्योतीने विचारलं होतं. तेव्हा तिने सांगितलं, "परक्याच्या कपाटात आपल्या वाडीची चावी? आणि हितं रेंज असते कधी?"

आमची भांडणं व्हायची ती प्लगावरून. त्याचं कारण सांगायला हवं. खाणीत माझ्याबरोबर गणपत म्हणून होता. ऐन मे महिन्यात अवकाळी पडून गेला होता, आणि चिरा कापायच्या मशिनाची केबल ओल्यात पडलेली. गणपत अनवाणी होता. मी चार हातांवर उभा होतो, माझ्या पायांत रबरी चप्पल. तो मशिनाला हात लावून नुसता उभा राहिला... मला वाटलं चेष्टा करतोय. सुकं लाकूड शोधून मी केबल बाजूला केली, पण तेवढ्यात व्हायचं ते झालं. तेव्हापासून करंट म्हटलं की माझी जीभ कोरडी पडते. घरातलं बटणसुद्धा मी चप्पल घातल्याशिवाय दाबत नाही. कुसुम मला पुष्कळ गोष्टींवरून टोचायची, या गोष्टीवरून एकदाही बोलली नाही. टीव्हीच्या फळीखाली माझ्यासाठी रबरी चपलांचा एक जोड तिनेच ठेवला होता.

पण गडगडलं की मी डबीचा प्लग ओढायचा नाही, यावर ती ठाम. "लिहिता लिहिता कुणी हात ओढला तर अक्षर कसं होतं? तसं होतं त्याचं. आधी त्याला निजायला सांगायचं, तो निजला की मग प्लग." मला ते जमावं म्हणून माझ्या फोनात तिने एक पान करून दिलं. उघडलं की एकच मोठं लाल बटण, 'बंद करा'. मी ते कधी दाबलं नाही. ती घरात होती ना. मी टीव्ही-फ्रिज बघायचो, ती डबी बघायची.

ती गेल्यावर नऊ दिवसांनी तिच्या नावाने पुण्यानुमोदनाचा विधी झाला, माणसं गेली, ज्योतीची रजा संपली. घरात मी आणि तो हिरवा दिवा. खरं सांगतो, मला त्याचा राग होता. तिला दापोलीला त्याच्याच कुठल्याशा सामानासाठी जायचं होतं. ती गेली आणि हा लुकलुकतोय. पण बंद करायचाही धीर होईना. तिच्या हातचं चालू असलेलं तेवढंच उरलं होतं.

आणि दुसऱ्याच दिवशी कडाडलं. लांबून गडगडत येणारं नव्हे, एकदम डोक्यावर. पत्रा थरथरला, खोली पांढरी झाली. माझ्या डोळ्यांसमोर गणपत. फोन, लाल बटण, काही आठवलं नाही. पायांत चप्पलही नव्हती, हेसुद्धा नंतर कळलं. प्लग धरला आणि ओढला. हिरवा दिवा विझला, आणि मगच मला समजलं मी काय केलं ते.

पाऊस थांबल्यावर परत लावला. लाल दिवा लागला, हिरवा एकदा लुकलुकला, दोन्ही विझले. परत लाल, परत विझला. मी पाटावर बसून बघत राहिलो.  बेचाळीस घरांचे कागद आत. गेल्या पावसाळ्यात वाळवीने आणखी किती ट्रंका खाल्ल्या होत्या, त्यांतले अस्सल कागद तर गेलेच होते. दुसरी प्रत ज्योतीकडे ठेवायचं कुसुमने ठरवलं होतं, ते राहून गेलं होतं. ती आयुष्यात एक गोष्ट राखून गेली, आणि मी ती दहा दिवसांत मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचा अनंता आला. त्याच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता, पडताळणीसाठी पणजोबांच्या शाळेचा कागद हवा होता. अस्सल कागद त्याच्या घरी राहिला नव्हता. त्यावरचा रजिस्टरचा नंबर मिळाला असता तर शाळेने नवा दाखला दिला असता. "काकीच्या डबीत हाय ना तो, काका?" मी म्हटलं, "हाय." तोंडातून तेवढंच आलं. "मग उद्या येऊ? परवा शेवटची तारीख हाय." मी म्हटलं, "ये." तो गेला. ज्योतीला फोन करायचीही लाज वाटली. तिला काय सांगू... तुझी आई मी परत एकदा घालवली?

दुपारी फळीवर शोधताना डबीच्या मागे कुसुमची वही सापडली. दोनशे पानी, वर शाळेचं कव्हर घातलेलं. आत सगळं इंग्रजी, आज्ञा म्हणायची ती त्याला. ते मला कुठून कळणार. पण शेवटची पानं मराठीत होती, मोठ्या अक्षरात, माझ्या डोळ्यांना दिसावं म्हणून लिहिलेली. पहिलीच ओळ: 'गडगडलं म्हणून प्लग ओढलात ना? मला माहीत होतं. घाबरू नका.' मी वही मिटली. पुन्हा उघडायला बराच वेळ लागला. खाली लिहिलं होतं: 'परत लावा. तो स्वतःच स्वतःला तपासून घेतो, वेळ लागतो. तोवर हात लावायचा नाही. जेवून घ्या.' आणि त्याच्याखाली दुसऱ्या शाईने, घाईघाईत: 'दिवा लागून विझत असला तर चार्जर गेलाय. डबीचा दोष नाही. हल्ली होतंय तसं. नवा आणते.'

नवा आणते... त्यासाठीच ती गेली होती.

तिची पिशवी खुंटीला होती. हॉस्पिटलातून आणली तशीच, कुणी उघडली नव्हती. ज्योतीने विचारलं होतं, मी नको म्हटलं होतं. ती खाली घेतली. वर छत्री, तिच्या जाण्याचं एसटीचं तिकीट, माझ्यासाठी घेतलेल्या खारीचा पुडा, त्याचा चुरा झालेला. तळाला चार्जर, खोक्यात. खोक्यावर पेनाने तिच्या अक्षरात 'डबी' लिहिलेलं, म्हणजे मी तो फोनला लावू नये. दुकानातून बाहेर पडल्या पडल्याच लिहिलं असणार. नाहीतर स्टँडवर बसून.

मी चपला घातल्या. हात कोरडा केला. नवा चार्जर लावताना वाटलं, आपणही आजच जातो. लाल दिवा लागला. विझला नाही. हिरवा एकदा लुकलुकला, थांबला, पुन्हा लुकलुकला, मग नुसताच लागून राहिला, काहीही करेना. मी उठलो, बसलो. मनात आलं, काढून परत लावू. वहीत बघितलं: 'हात लावायचा नाही. जेवून घ्या.' दहा दिवस मी चहा-पावावर होतो. उठून भात टाकला. भात शिजला, त्यावर सुक्या जवळ्याची चटणी घेतली, डबीकडे तोंड करून जेवलो. शेवटचे चार घास उरले असताना हिरवा दिवा भरभर लुकलुकायला लागला, ती असताना लुकलुकायचा तसा. मग माझ्या फोनात कागदांचं पान उघडलं. बेचाळीस घरांची नावं, ओळीने.

अनंता दुसऱ्या दिवशी ओटीवर बसून कागद बघत होता. मुलीच्या पणजोबांचं नाव, शाळा, नंबर, सगळं वाचता येत होतं. "काकीने फोटो सरळ काढलान," एवढंच म्हणाला आणि नाक पुसलं. त्याच्या मुलीचं काम झालं. ज्योती पुढच्या रविवारी आली, तिने सगळ्याची दुसरी प्रत करून बदलापूरला नेली. निघताना म्हणाली, "बाबा, आता घाबरायचं कारण नाही." मी हो म्हटलं. खोटं म्हटलं. सकाळी उठल्यावर मी आधी दिवा बघतो, मग चूल. आंघोळीला गेलो तरी दार उघडं ठेवतो, दिवा दिसावा म्हणून.

परवा पुन्हा गडगडलं. सरतीचा पाऊस, लांबवर, मुरुडच्या बाजूला. माझी जीभ कोरडी पडलीच. टीव्हीचा प्लग काढला, फ्रिजचा काढला. मग फोन घेतला, पान उघडलं, आणि ते लाल बटण पहिल्यांदा दाबलं. मला वाटलं होतं नुसतं बंद होईल. पानावर अक्षरं आली. तिने आधीच लिहून ठेवलेली, कधी ते मला माहीत नाही, आणि बटण मी कधी दाबलंच नव्हतं म्हणून इतके दिवस वाचली नव्हती:

'निजतोय तो. पन्नास आकडे मोजा. मग काढा. आवो, चपला घातल्यात ना?'

मी खाली बघितलं. नव्हत्या घातल्या, दोन प्लग तसेच काढले होते. फळीखालून जोड ओढला, पाय घातले, आणि एकपासून मोजायला लागलो.