बोरटोला स्टेशनची मागची भिंत

श्री. शालिकरामजी मेश्राम यांची आणि माझी ओळख माझ्या फजितीने झाली, हे आधीच सांगून टाकतो. मी तेव्हा बालाघाटच्या एका खासगी शाळेत गणित शिकवत होतो. शाळेच्या प्रदर्शनात मुलांनी पुठ्ठ्याचं एक रेल्वे स्टेशन मांडलं होतं आणि खाली पाटीवर मार्गदर्शक म्हणून माझं नाव होतं. पांढरा शर्ट घातलेले, खिशाला दोन पेन्सिली लावलेले एक गृहस्थ त्या टेबलापाशी बराच वेळ वाकून उभे होते. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. "मास्तर, या दारातून हा हमाल आत जाईन कसा?" त्यांनी खिशातली छोटी पट्टी काढली, दार मोजलं, प्लॅटफॉर्मवर उभा केलेला मातीचा हमाल मोजला आणि शांतपणे सांगितलं की याला रांगत जावं लागेल. मुलं हसली. गणिताच्या मास्तरालाच प्रमाण जमलेलं नव्हतं. मी चिडून म्हणालो, तुम्हीच दाखवा मग करून. "या घरी," असं म्हणून त्यांनी पत्ता सांगितला आणि ते निघून गेले.

मी गेलो, तो त्यांची चूक काढायलाच. काका (पुढे मी त्यांना काकाच म्हणू लागलो) भरवेलीच्या मँगनीज खाणीच्या वर्कशॉपमध्ये सुतार होते. ओतकामाला लागणारे लाकडी साचे घडवायचे. ओसरीत एका पाटावर त्यांनी केलेलं मालगोदाम ठेवलं होतं. खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं, म्हणजे तळहातावर सहज मावेल असं. छपराचं प्रत्येक कवेलू, म्हणजे कौल, सुटं होतं. जुन्या लग्नपत्रिकांचा कागद विणायच्या सुईवर गुंडाळायचा, बारीक कापायचा, उभा चिरायचा आणि मग एकेक कवेलू चिमट्याने बसवायचं. भिंतीवरचा धुराचा काळपटपणा रंगाचा नव्हता, खाणीतल्या मँगनीजच्या भुकटीचा होता. मी डोळा लावून खिडकीतून आत पाहिलं, तर आत वजनकाटा होता. हा कुणाला दिसणार, असं मी विचारलं. काका म्हणाले, "तुमाले दिसला नं." चूक काढायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

आमच्या भागातली रेल्वेची छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, जाऊन मोठी आली, हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. गाड्या मोठ्या झाल्या याचा काकांनाही आनंदच होता. पण जुनी स्टेशनं, सिग्नलच्या केबिनी, रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमनच्या खोल्या एकेक करून पडत होत्या, आणि त्यांचं चित्रसुद्धा कुठे राहणार नाही, हे त्यांना सोसवेना. सुट्टीच्या दिवशी सायकलवर टेप, वही आणि भाकरी बांधून ते निघत. इमारत चारही बाजूंनी मोजत. पडलेलं प्लास्टर, तिरकी चौकट, कुणीतरी मागाहून बसवलेला पत्रा, सगळं वहीत उतरवत. त्यांचा नियम एकच होता. जे मोजलं नाही ते बनवायचं नाही. काही दिवसांनी त्यांच्या मापांवरून नकाशे काढायचं काम माझ्याकडे आलं. त्या नकाशांच्या प्रती जो मागेल त्याला काका फुकट देत.

त्या प्रती कुठे-कुठे गेल्या याचा पत्ता आम्हालाही नाही. घरात लहान रूळ मांडून छोट्या गाड्या चालवणारे हौशी लोक आपल्याकडे थोडे, पण आहेत, आणि त्यांच्यातला एकमेकांचा शोध फार पक्का असतो. नागपूरचे एक बँकेतले अधिकारी काकांकडे आले तेव्हा आपल्या मांडणीचे फोटो घेऊन आले होते. इंजिन आपलं, डबे आपले, आणि सभोवती बर्फातल्या गावातली उतरत्या छपरांची आयती प्लास्टिकची घरं. काकांनी फोटो निरखून पाहिले आणि विचारलं, "साहेब, इथले लोक भात लावतेत का नाई?" साहेब हसले आणि परत जाताना दोन नकाशे घेऊन गेले. वर्षभराने त्यांनी नवीन फोटो पाठवले. सगळं परदेशी गाव उठलं होतं, त्या जागी गँगमनच्या दोन खोल्या उभ्या होत्या आणि एका खोलीसमोर वाळत घातलेलं लुगडंसुद्धा होतं. त्यांच्या भिंती जरा वाकड्याच झाल्या होत्या. काकांनी तो फोटो ओसरीत लावला, तो अजून तिथे आहे. माणूस एकदा हाताने भिंत उभी करायला लागला की मग त्याला विकतच्या घरात करमत नाही, हे मी काकांकडे येणाऱ्या कितीतरी लोकांत पाहिलं.

माझ्या आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिला चमचा धरता येईना. भरवलेलं तिला आवडत नसे, त्यामुळे ती जेवतच नव्हती. काका भेटायला आले, दोऱ्याने तिच्या मुठीचा घेर मोजून घेऊन गेले आणि तिसऱ्या दिवशी सागवानी मुठीचा एक चमचा आणून तिच्या हातात दिला. आई पुढे दोन वर्षं स्वतःच्या हाताने जेवली.

काकांच्या पंच्याहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी इथपर्यंतचा लेख मी सत्कार समितीने दिलेल्या मुदतीत लिहून ठेवला होता. पुढचं वाक्य असं होतं : 'काकांच्या एकाही इमारतीत न मोजलेली रेघ सापडणार नाही.' ते लिहिलं आणि माझा हात थांबला. कारण ते वाक्य खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे फक्त मला ठाऊक होतं. आता सांगतो.

बारा-तेरा वर्षांपूर्वी काकांचा पाय मोडला होता. ते प्लास्टरमध्ये पडून असतानाच बोरटोल्याचं छोटं स्टेशन पाडणार अशी बातमी आली. त्यांनी मला बोलावून घेतलं. "मास्तर, तुमी जा. चारई बाजू मोजून आणा. मी इथी पडून राह्यलो, नाईतं तुमाले तरास देलाच नसता." मे महिना होता. मी सकाळी गेलो. दर्शनी बाजू मोजली, दोन्ही कडेच्या भिंती मोजल्या. मागे काटेरी झुडपं छातीएवढी माजली होती. आणि माझ्या अंगावर लग्नाचे कपडे होते, कारण त्याच दिवशी किरनापूरला माझ्या मेव्हण्याचं लग्न होतं. कोपऱ्यावर उभं राहून मी मान लांब करून पाहिलं, काही दिसलं नाही. समोर दोन खिडक्या आहेत तर मागेही दोनच असणार, असा मी हिशेब केला. किरनापूरच्या मांडवात पंगत बसायच्या आधी खुर्चीवर बसून वहीत मागच्या भिंतीची मापं लिहिली. खरी वाटावीत म्हणून एक खिडकी दुसरीपेक्षा अर्धा इंच लहान केली. सगळ्या प्रकारात मला त्या अर्ध्या इंचाची सर्वांत जास्त लाज वाटते. आळस माणसाकडून होतो, पण हे मी डोकं चालवून केलं होतं.

काकांनी वही पाहून विचारलं, "मांगून पाह्यलं नं?" मी म्हणालो, "हौ काका." आठवडाभरात स्टेशन पाडलं गेलं. मी सुटलो असंच मला वाटलं, हेही लपवत नाही.

बोरटोला करायला काकांना सात महिने लागले. ते त्यांचं सर्वोत्तम काम आहे असं जाणकार म्हणतात. येणाऱ्या प्रत्येकाला ते स्टेशन फिरवून मागची बाजू दाखवत आणि म्हणत, "पाहा, अर्ध्या इंचाचा फरकई सोडला नाई मास्तरानं." मी शेजारी उभा असे. तो नकाशा सर्वांत जास्त मागितला गेला. कितीतरी घरांतल्या मांडणीत आज बोरटोला उभं आहे, आणि गाडी वळण घेऊन मागून येते तेव्हा माझ्या त्या दोन खिडक्या आधी दिसतात.

गेल्या दिवाळीनंतर तिरोडीहून कौशल्याबाई नावाच्या एक सत्तरीच्या बाई काकांकडे आल्या. त्यांचे वडील बोरटोल्याला रूळ बदलणारे पॉइंट्समन होते, बाईंचं लहानपण तिथे गेलं. कुणीतरी सांगितलं म्हणून त्या मुद्दाम स्टेशन पाहायला आल्या होत्या. समोरची बाजू पाहून त्या लहान मुलीसारख्या हसल्या. घंटा कुठे टांगलेली असे, बाबा कुठे बसत, ते बोट न लावता दाखवू लागल्या. मग काकांनी स्टेशन फिरवलं.

"भाऊ, इकडं दार होतं," त्या म्हणाल्या. "माही माय याच दारातून बाबाले भाकर देत जाय."

काका समजावणीच्या सुरात म्हणाले, "बाई, हे मोजून बनवलं हाये. या मास्तरानं सोता मोजलं. मांगं दार नोतं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. काकांचं खरं आहे, अशी मी मान हलवली.

"मंग मलेच याद नसन," त्या म्हणाल्या. "लय वर्सं झाले." चहा घेऊन त्या परत गेल्या. मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायलासुद्धा गेलो होतो.

लेख मागणारं समितीचं पत्र आलं ते यानंतर. म्हणूनच त्या वाक्यापाशी लेख अर्धवट टाकून मी एका सकाळी काकांकडे गेलो. ते ओसरीत कवेलू कापत होते. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. झुडपं, कपडे, मांडव, अर्धा इंच. ते खाली पाहत ऐकत होते. माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "लग्नात जेवाले काय होतं?"

मी म्हणालो, "बुंदी. वांग्याची भाजी. वरण-भात."

"हौ," ते म्हणाले, आणि ब्लेड पुसून डबीत ठेवलं. मग म्हणाले, "स्टेशनाचं सोडा. त्या बाईले मी माह्याच घरी बसवून सांगतलं, का तिच्या मायचं दार नोतं."

मी लेख परत घेतो म्हणालो. तेवढं मात्र त्यांना रुचलं नाही. "काहून? लिहा. माही तारीफ कमी करा अन् हे लिहा. ज्याच्या-ज्याच्या घरी तो नकाशा गेला, त्याले मालूम पडलं पाह्यजे." एरवी ते मला चहा घेतल्याशिवाय उठू देत नसत. त्या दिवशी चहाचं नाव निघालं नाही, आणि मीही ते काढण्याच्या लायकीचा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी काकांनी मागची भिंत पात्याने कापून काढली, स्टेशन खोक्यात ठेवलं आणि मला निरोप पाठवला. आम्ही दोघं बसने तिरोडीला गेलो. खोकं सगळा वेळ त्यांच्या मांडीवर होतं. मी घेतो म्हणालो, त्यांनी दिलं नाही. वाटेत ते माझ्याशी एवढंच बोलले की खिडकी लावा, धूळ येते.

कौशल्याबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या. काकांनी उघड्या पाठीचं ते स्टेशन त्यांच्यासमोर ठेवलं आणि हात जोडले. पंच्याहत्तरीच्या त्या माणसाला माझ्यापायी हात जोडताना मी पाहिलं. "बाई, तुमी खरं सांगून राह्यल्या होत्या. आमीच झूठ होतो."

"आमी नाई," मी म्हणालो, "मी." आणि मांडवातली गोष्ट पुन्हा सांगितली, या खेपेला त्यांना.

बाईंचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. भिंत नव्हती त्या जागी त्यांनी दोन बोटं ठेवली. "म्हणजे दार होतं नं?"

"होतं," काका म्हणाले.

"मले तं वाटाले लागलं होतं," बाई म्हणाल्या, "का मायच्या बाकीच्याई गोष्टी मी मनानंच रचल्या असन."

तर या ग्रंथाच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरी बोरटोला उभं आहे त्यांना, माझी विनंती आहे. नकाशातली मागची भिंत खोटी आहे, ती काढून टाकावी. नवी भिंत काका करत आहेत. मोजायला तिथे आता काही उरलेलं नाही, म्हणून आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाच्या तरी सांगण्यावरून काम करत आहेत. चौकट केवढी, उंबरा किती वर, कडी कोणत्या बाजूला, हे विचारायला ते मधूनमधून तिरोडीला जातात. बाईंनी दोनदा दार नापसंत केलं आहे. तिसरं चालू आहे. नकाशा या वेळी ते स्वतःच काढत आहेत. त्यांचा हात आता थोडा कापतो, आणि रेघ खोडून पुन्हा ओढावी लागते. मला त्यांनी बोलावलेलं नाही. मी जातो, ओसरीत बसतो. ते मला अजून मास्तरच म्हणतात. माफ केलं का, हे विचारायचा धीर मला झालेला नाही.

काकांना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, त्यांची नजर आणि बोटं शाबूत राहावीत, ही प्रार्थना या ग्रंथात सगळेच करतील आणि ती मनापासूनच असेल. माझ्या प्रार्थनेत स्वार्थ आहे, तो कबूल करून थांबतो. पुन्हा एखादी इमारत मोजायला त्यांनी मला पाठवावं, इतकी वर्षं त्यांना मिळोत.