जंक्शन आणि जुन्या लाइनी

कचेरीत त्याला सगळे 'जंक्शन' म्हणत, आणि हे नाव त्याला मनातून आवडायचं. का नाही आवडणार? कंपनीच्या साऱ्या शाखांचे संगणक फ्रेम रिले नावाच्या जुन्या पद्धतीच्या लाइनींवर, आणि प्रत्येक लाइन मुख्य कचेरीतल्या याच्याच खोलीत येऊन थांबायची. एका शाखेला शेजारच्या शाखेशी बोलायचं तरी याच्या तारांच्या कपाटातून वळसा! कुठलं टोक कुठे जोडलंय ते फक्त याच्या डोक्यात. दुसऱ्याला शिकवायचं नाव नाही. म्हणूनच नर्स असलेल्या बायकोची दुसऱ्या गावी बदली झाली आणि ती मुलीला घेऊन गेली, तेव्हा हा इथेच अडकला. रजा मागितली की साहेब हात जोडत, "अहो, तुम्ही गेलात की आमचं दुकान बंद!"

मग एमपीएलएस नावाचं नवं जाळं आलं. आता शाखा परस्पर बोलणार, मधल्या जंक्शनची गरजच संपली. साहेबांनी शब्द दिला, "शेवटची शाखा नव्या लाइनीवर गेली की तुम्ही मोकळे. वहिनींच्या गावच्या शाखेत तुमची खुर्ची तयार." बायको इतकी हरखली की मोठं घर बघायला लागली.

हा कामाला भिडला. एकेक शाखा हलवली, पण जुनी लाइन लगेच तोडायची नाही, काही बिघडलं तर परत फिरता यावं, ही या कामातली रीत. घाटातल्या गोदामाने तेवढा जीव खाल्ला. तिथे नवी केबल पोचेचना. शेवटी मदतीला आलेल्या इंजिनियर बाईने बिनतारी जोडणी करून तेही नव्या जाळ्यात आणलं.

"सर, झालं सगळं! जुन्या लाइनी काढायला सांगू?" बाईने विचारलं.

याने कपाटाचं दार लावून घेतलं. म्हणाला, "आठवडाभर थांबू." आठवड्याने म्हणाला, "महिनाअखेर आहे, आत्ता नको." मग म्हणाला, तपासणी होऊ दे. बाई बिचारी काय बोलणार!

रोज सकाळी कपाट उघडून हा उभा राहायचा. दिवे हिरवेगार, आणि लाइनींवर काडीची वर्दळ नाही. मूर्खपणा होता, कळत होतं. पण तिकडे हा कोण? चार टेबलांतलं एक टेबल. आणि घरी? मुलगी फोनवर "हं, हं" करून आईकडे फोन द्यायची. त्या घरात आपण पाहुण्यासारखे बसू, ही धास्ती त्याने कुणाला सांगितली नाही. इथे गुदमरत होता आणि दारही सोडवत नव्हतं.

एका दुपारी बायकोचा फोन आला. "आज तरी येताय ना?" असं तिने विचारायच्या आत हा घाईने म्हणाला, "काय करू गं, कंपनी सोडतच नाहीये!"



"सकाळी तुमच्या साहेबांचा फोन आला होता," ती म्हणाली. "निरोपसमारंभ ठरवायचाय म्हणाले. 'वहिनी, त्यांना केव्हाच मोकळं केलंय, तारीख तेवढी तुम्हीच विचारा.'"

 ती ओरडली नाही, रडलीही नाही. फोन तसाच हातात धरून तिने मुलीला हाक मारली, "बाबांची वाट बघू नकोस, जेवून घे."