निवडक खडे

आमच्या समोरच्या घरातल्या काकांइतका दगडांवर जीव टाकणारा, आणि त्या दगडांपायी दुसऱ्यांचा जीव नकोसा करणारा माणूस अख्ख्या मिशिगनमध्ये सापडायचा नाही. आम्ही ट्रॉयमध्ये नवीन असताना त्यांनी आम्हाला चहाला बोलावलं आणि स्पिनेल नावाच्या दगडावर संध्याकाळभर बोलले. चहा राहिलाच. जन्मभर गाड्यांचे गिअर डिझाइन केलेला हा माणूस रिटायर झाला आणि दुर्मिळ रत्नांच्या हात धुऊन मागे लागला. हिरा, पाचू, माणिक ही त्यांच्या लेखी रत्नंच नव्हेत. "हिरा काय रे, मॉलमध्येपण मिळतो," असं ते माझ्या बायकोच्या अंगठीकडे बघत म्हणाले होते. त्यानंतर आमच्या घरी काय झालं ते इथे सांगत नाही.

टाफाइट नावाचं एक अतिदुर्मिळ रत्न आहे. जगातला पहिला टाफाइट म्हणे स्पिनेल समजूनच विकला गेला होता. एवढं वाचून काका जुनी स्पिनेलं पुडक्यांनी मागवू लागले आणि एकेक भिंगाखाली धरू लागले. टाफाइट अजून निघालेला नाही. पण युटाहचं लाल बेरिल आणि कॅलिफोर्नियाचं निळं बेनिटॉइट त्यांच्याकडे आहे, आणि ते आहे हे ट्रॉयमधल्या प्रत्येक मराठी माणसाला सक्तीने माहीत आहे. मंडळाच्या गणपतीत ऐन आरतीत त्यांनी हॉलचे दिवे घालवले, कारण बेनिटॉइट अतिनील दिव्याखाली चमकतं. "बघा, कसं ग्लो करतंय!" असं ते ओरडले तेव्हा अंधारात कुणाचा तरी पाय मोदकांच्या ट्रेमध्ये पडला होता. एकदा एका बिचाऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं, "काका, माझा गुरू वीक आहे, पुष्कराज घालू का?" काका म्हणाले, "गुरूला व्हिटॅमिन दे." अशा माणसापुढे आम्ही केव्हाच हात टेकले होते. खडे ठेवायची पेटी मात्र ते कुणालाच हाताळू देत नसत.

या माणसाला पुरून उरल्या त्या फक्त काकू. त्याच काकू आता विसरत चालल्या आहेत. आधी गॅस, मग रस्ते, मग मुलांची नावं. डॉक्टरांनी जे सांगितलं त्यात आशेला जागा नव्हती. त्यांना एकच गोष्ट पक्की आठवते, ती म्हणजे ताटात डाळ पसरून निवडणं. पण इथली पाकिटातली तूरडाळ मेली इतकी स्वच्छ की तिच्यात खडा म्हणून सापडत नाही. काकू तेच ताट पुन्हापुन्हा चाळायच्या आणि रडकुंडीला यायच्या. "डाळीत खडा नाही असं कधी असतं का? मला दिसायचंच बंद झालंय," म्हणायच्या.

परवा मी त्यांच्याकडे गेलो तर काकूंनी निवडून बाजूला काढलेल्या खड्यांत लाल बेरिल होतं.

"काका, अहो हे काय? बाहेरची खडी घालायची ना!"

"घातली होती रे. तो मळकट रंग तिला दिसेना. हे लगेच दिसतं."

तेवढ्यात काकूंनी काकांकडे वर बघितलं. त्या नजरेत ओळख नव्हती. "काय हो, वाण्याचा धंदा करता ना? किती हे खडे! लोकांचे दात पाडाल एक दिवस."

भर सभेत गुरूला व्हिटॅमिन देणारा हा माणूस हात जोडून म्हणाला, "चुकलं बाई. उद्या चांगली डाळ देतो."

काकू समाधानाने उठून आत गेल्या. काकांनी निवडलेल्या डाळीत हळूच बोटं फिरवली आणि तिच्यातून निळं बेनिटॉइट काढलं.

"गेल्या महिन्यापर्यंत हे तिच्या हातून सुटत नव्हतं," ते म्हणाले. त्यांनी तो खडा नळाखाली धुतला, पुसला, मग कपाटातून पेटी आणून माझ्यापुढे सरकवली.

"बस जरा. उद्यासाठी मोठासा एखादा बघ. तिला दिसेल असा."