पाचचा टोल

कॉलेजच्या ऑफिसात बावीस वर्षं काढली की माणसाकडं दोन गोष्टी साचतात, पाठदुखी आणि किस्से. पाठदुखीला मलम आहे. किस्से मात्र सांगितल्याशिवाय उतरत नाहीत!

माझं टेबल खिडकीशी. बाहेर व्हरांड्यात परळीहून आणलेला रुळाचा तुकडा टांगलाय, तीच आमची घंटा. तिच्या पलीकडं संगीत विभागाची एकुलती एक खोली. त्यामुळं ऑफिस अधीक्षक काझी साहेब आणि संगीताचे तिडके सर, या दोघांचे किस्से मला न मागता मिळत गेले. बीड जिल्ह्यातल्या आमच्या आडबाजूच्या कॉलेजात अशी दोन माणसं एकाच वेळी कशी काय नांदली, याचं मला अजून नवल वाटतं.

*

काझी साहेब इथंच शिपाई म्हणून लागले. काम एकच, टोल देणं. टोल देता देता बी.ए. झाले, तेही आमच्याच कॉलेजातून! तास संपत आला की बाकावरून उठायचे, बाहेर येऊन टोल द्यायचे, पुन्हा जाऊन बसायचे. पुढं क्लार्क झाले, हेडक्लार्क झाले, अधीक्षक झाले. पण हातोडी सोडली नाही. ती त्यांच्या ड्रॉवरमध्ये असते, कॉलेजच्या शिक्क्याशेजारी.

नव्या प्राचार्यांनी एकदा सुचवलं, "साहेब, आता हे काम शिपायाला द्या ना."

"शिपायालाच दिलंय की सर," साहेब म्हणाले, "पगार तेवढा अधीक्षकाचा हाय!"

*

विद्यापीठाचे कुलगुरू आले होते. भाषण ऐन रंगात, आणि बाराचा टोल घणघणला. कुलगुरू दचकून थांबले. प्राचार्य घामाघूम होऊन व्हरांड्यात धावले.

"अहो काझी, कुलगुरू बोलतायत!"

"बोलू द्या की. बारा वाजायचे थांबतेत का?"

आम्हाला वाटलं, आता मेमो! कुलगुरूंनी मनगटावरच्या घड्याळाकडं पाहिलं आणि चक्क दोन मिनिटं पुढं केलं.

*

तिडके सरांची तऱ्हा वेगळी. आठ वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं, म्हणजे तास घेतला तर मानधन, सुट्टी लागली की घरी. मग एकदाची कायम नोकरीची मुलाखत आली. समिती म्हणाली, गा. सर तानपुरा लावत बसले. पाच मिनिटं गेली, दहा गेली.

एक सदस्य वैतागले, "अहो, वेळ संपत आली!"

सर मान वर न करता म्हणाले, "सूर लागल्याशिवाय वेळ सुरूच होत न्हाई."

त्या वर्षी अर्थातच त्यांना घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्याच सदस्यानं फोन करून अर्ज करायला लावला!

*

या दोघांची पहिली गाठ म्हणजे भांडणच. सर वर्गात आलाप घेत होते, मध्येच टोल पडला, पोरं हसली. सर तावातावानं ऑफिसात आले.

"साहेब, मधीच टोल कावून देता?"

"टोल वेळेवर हाय, सर. तुमचा आलाप लांबलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर सर त्या रुळाला कान लावून उभे! बोटानं टिचकी मारायचे, गुणगुणायचे. मग खोलीत जाऊन त्यांनी तानपुऱ्याचा षड्ज घंटेच्या सुराला मिळवला. त्या दिवसापासून आमच्या कॉलेजात टोल पडला तरी गाणं मोडत नाही. असं डोकं लढवणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

मी काझी साहेबांना म्हटलं, "बघा, तुमची घंटा सुरात आली."

"मला त्यातलं काय बी कळत न्हाई," साहेब म्हणाले. "मला घड्याळ कळतं."

*

सारिका सरांची लाडकी विद्यार्थिनी. घर वडवणीकडं. दिवाळी झाली की आईवडलांबरोबर ऊसतोडीला जायची. प्राचार्यांनी हजेरीत सवलत दिली, पण रियाजाचं काय? सरांनी तानपुरा मोबाईलवर रेकॉर्ड करून पाठवला.

संक्रांतीला तिची आई फोनवर म्हणाली, "सर, लई झालं आता! मोळ्या बांधताना बी पोरीचं सा सा चालूच. बैल बी त्याच चालीनं चालायलेत!"

सर दिवसभर हसत होते.

*

आणि आता मार्चमधली गोष्ट.

विद्यापीठाचं पत्र होतं की तिसऱ्या वर्षाच्या सहा विद्यार्थ्यांपैकी एक जरी परीक्षेला गैरहजर राहिला, तर संगीत विषय बंद. प्रात्यक्षिक परीक्षा अकरा ते पाच. पाचच्या टोलनंतर येईल तो गैरहजर. बाहेरून आलेल्या परीक्षक मॅडम कडक. साडेचारपर्यंत पाचजण गाऊन मोकळे झाले. सहावी सारिका. तिचा फोन आला, "सर, मांजरसुंब्याच्या घाटात उसाची ट्रॉली उलटलीया. टेंपो हालंना."

जन्मात कुणाकडं काही न मागितलेले तिडके सर काझी साहेबांच्या टेबलापुढं उभे राहिले. "साहेब, थोडा वेळ..."

"सर, आजवर टोल चुकला न्हाई."

सर मान खाली घालून परत गेले. मला साहेबांचा मनस्वी राग आला.

पाचला एक मिनिट कमी असताना साहेबांनी ड्रॉवर उघडला, हातोडी घेतली आणि रुळापाशी जाऊन उभे राहिले.

पाच वाजले. पाच वाजून दहा झाले. साहेब उभेच! हातोडी हातात, नजर फाटकाकडं.

आतून मॅडमचा आवाज आला, "पाच वाजले का हो?"

"टोल पडला नाही, मॅडम," सर म्हणाले.

साडेपाचला सारिका धावत आली. केसांत उसाचं पाचट, हाताला चिंध्या बांधलेल्या. घोटभर पाणी प्यायली आणि बसली. काय गायली पोरगी! मी पेन खाली ठेवलं. व्हरांड्यात कुणी हललं नाही. शेवटी ती सावकाश उतरत उतरत षड्जावर आली, आणि त्याच क्षणाला, त्याच सुरात टोल पडला.

मॅडमनी डोळे पुसले आणि वही मिटली.

काझी साहेब आत आले. हातोडी ड्रॉवरमध्ये ठेवली आणि मला म्हणाले, "पाच वाजले. आवरा."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला पाच कमी होते.