जगदाळेकाकांचे दोन हेडफोन

फोन आला तेव्हा मी एका बाईंच्या चष्म्याचा नंबर काढत होतो. "पहिलं चांगलं दिसतं की दुसरं?" हा दिवसातून शंभरदा विचारायचा प्रश्न अर्धवट सोडून मी रिसीव्हर उचलला. पलीकडे जगदाळेकाकांची मुलगी शुभा होती. "विनूदादा, बाबा सकाळी गेले," एवढंच म्हणाली. मी "येतो" म्हटलं, फोन ठेवला आणि का कोण जाणे, बाईंसमोर तीच दोन भिंगं पुन्हा धरली. "दोन्ही छानच आहेत हो," बाई म्हणाल्या. माझा चेहरा बघून त्यांनी मला बरं वाटावं म्हणून तसं म्हटलं असणार. त्यांना दुसऱ्या दिवशी यायला सांगून मी दुकान बंद केलं आणि स्कूटर वासण्याला काकांच्या घराकडे वळवली.

त्याला आता पाच आठवडे झाले. काकांबद्दल लिहायचं तर त्यांच्या हेडफोनबद्दलच लिहावं लागेल, आणि त्यात माझी एक लबाडीही येईल. येऊ दे.

फतेगंजातलं माझं चष्म्याचं दुकान नवीन होतं तेव्हा काका पहिल्यांदा आले ते चष्मा करायला नव्हे, तर काडीचा बारीक स्क्रू खोलायचा पेचकस मागायला. उसनी दिलेली हत्यारं परत येत नाहीत हा माझा अनुभव, म्हणून मी का-कू करायला लागलो. "बरं, पेचकस देऊ नकोस. तूच चाल ने बरोबर," काका म्हणाले. "चार वाजता कोण येतंय तुझ्या दुकानात?" कोणी येत नव्हतं हे खरंच होतं. मी गेलो, आणि पुढची बारा-तेरा वर्षं जात राहिलो.

काकांची सगळी नोकरी कोयलीच्या तेलशुद्धीकरण प्लँटमध्ये मीटर दुरुस्त करण्यात गेली. त्यांचे आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, आणि घरात तलवार उरली नसली तरी तो ताठा उरला होता. त्यांच्याकडे दोन हेडफोन होते, एक जपानी आणि एक जर्मन. दोन्ही जुने आणि दोन्ही इलेक्ट्रोस्टॅटिक. म्हणजे त्यांत नेहमीसारखा लोहचुंबक नसतो. जाळीच्या दोन पत्र्यांमध्ये कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ पडदा ताणलेला असतो, त्याला काही शे व्होल्ट द्यायचे आणि तो पडदा गातो. जपानी त्यांना प्लँटच्या उभारणीला आलेल्या एका इंजिनिअरने जाताना दिला होता. जर्मन मिळाला तो बाजार खुला झाल्यावर. घरोघरी सीडी प्लेअर यायला लागले आणि लोक जुनं सामान भंगारात काढू लागले, त्यातल्याच एका घरातून काकांनी तो उचलून आणला.

या दोघांत खरा कोण, हे काकांना ठरवायचं होतं. दर सोमवारी माझं दुकान बंद, म्हणून सोमवारी दुपारी आमची बैठक. एकच रेकॉर्ड, त्यातली तंबोऱ्याची तीच चार मिनिटं, आधी जपानी, मग जर्मन, मग उलट. जवारी, म्हणजे तारेची ती गुंजणारी झणझण, कुठे जास्त खुलते? पेटीवाला सूर धरण्याआधी भाता उघडतो, तो श्वास कुठे ऐकू येतो? "छान" हे उत्तर चालायचं नाही. "छान जिलेबी असते. आवाज कसा आहे ते बोल." मग मी बोलायचो आणि ते वहीत लिहायचे. जर्मन भारदस्त, पण जवारी किंचित मिटलेली. जपानी हाडकुळा, पण तार बोटाखाली असल्यासारखी. मला जपानी आवडायचा. काका मत द्यायचे नाहीत.

एका सोमवारी ते म्हणाले, "डावीकडे कमी येतंय." जुन्या हेडफोनचा पडदा सैल पडतो आणि एक बाजू दबते, ही ठाऊक असलेली गोष्ट. त्यांनी जर्मनची डावी बाजू खोलली, पडदा नीट ताणला, पण फरक नाही. मग जपानीतही डावीकडे कमी यायला लागलं. तो खोलायचा म्हणजे जोखीम होती, कारण त्याचा पडदा आता जगात कुठे मिळत नव्हता. "आधी तू ऐक," काका म्हणाले. मी ऐकलं. दोन्हीकडे अगदी सारखं येत होतं. पण काका माझ्याकडे अशा खात्रीने बघत होते... आमच्या घरात मोठ्यांच्या तोंडावर 'नाही' म्हणायची रीत नाही. "हो काका," मी म्हटलं, "जरा दबलंय खरं."

त्यांनी जपानी खोलला आणि पडदा फाटला. बारीकसा आवाज झाला, बस. काका त्या चिरेकडे बघत म्हणाले, "चालेल. तुलाही कमी येत होतं ना, मग खोलायलाच हवा होता."

ते ऐकून मला स्वतःची लाज वाटली. मी रोज गिऱ्हाइकांना बजावतो, मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका, नाहीतर महिनाभर डोकं तुमचंच दुखेल. आणि मी काय केलं? सगळा आठवडा झोप लागली नाही. पुढच्या सोमवारी दारातच सांगून टाकलं, "काका, मी खोटं बोललो. मला दोन्हीकडे सारखंच येत होतं."

काकांनी जर्मन हेडफोन घेतला, रेकॉर्ड लावली आणि हेडफोन उलटा घातला, डावी बाजू उजव्या कानावर. इतके दिवस ही गोष्ट आम्हा दोघांना सुचली नव्हती. जन्मभर चुकलेली मीटरं दुरुस्त केलेल्या माणसाला आपलाच कान चुकत असेल अशी शंका आली नाही. त्यांनी चारही मिनिटं ऐकली. मग हेडफोन काढून ठेवला.

"कान गेला तर गेला," ते म्हणाले, "वय झालं. पण तू खोटं कशाला बोललास, विनू? कानाचं मला मागाहून तरी कळलं असतं. तू हो म्हटलंस म्हणून मी हात घातला." काकूंनी आतून विचारलं, "काय झालं?" काका म्हणाले, "काही नाही. पडदा बनवायचा आहे."

आणि बनवायला घेतला! मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यातून कपॅसिटरची पातळ फिल्म आणली. ती ताणायला काकूंची भरतकामाची रिंग गेली ("ती गेली ती गेलीच," असं काकू पुढे कितीतरी वर्षं म्हणत). पेन्सिलीच्या शिशाची पूड कापसाने फिल्मवर घासायची, तीही जेमतेम, जास्त झाली की आवाज मरतो. पंधरा दिवस ताणून ठेवायची, मग चिकटवायची. पहिले सहा पडदे फाटले किंवा सुरकुतले. सातवा वाजला. काकांनी उलटा-सुलटा घालून उजव्या कानाने ऐकला, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला आजही तो दिसतो. "बोल," म्हणाले.

मी दोनदा ऐकलं. काकूही पदराला हात पुसत येऊन उभ्या राहिल्या होत्या. "काका, कमी आहे," मी म्हटलं. "जवारी निम्मी गेली आहे आणि खाली काहीतरी खरखरतं."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की तिथून उठून जावं. काकांनी मात्र वही ओढली. "निम्मी की निम्म्याहून जास्त?"

मग वर्षं अशीच गेली. उजवा कानही हळूहळू मंद होत गेला, तसा त्यांचा भरवसा माझ्यावर वाढला. मी जे म्हणेन ते ते लिहीत. मी चष्मे विकणारा माणूस, एवढ्या विश्वासाची सवय नव्हती मला. पण त्यानंतर त्या खोलीत मी एकदाही खोटं बोललो नाही. जपानी चांगला की जर्मन, याचा निकाल लागला नाही, कारण जपानीची डावी बाजू मूळच्या आवाजाला पोचल्याशिवाय तुलना करणं काकांना मंजूर नव्हतं. "अधुऱ्याशी कुस्ती कसली लावतोस?" म्हणायचे.

पंधरवड्यापूर्वी काकूंचा फोन आला. काकांनी जाण्याआधी एक पडदा ताणून ठेवला होता. "त्याचे दिवस कधीच भरले रे. येतोस?" मी गेलो. माझ्या हाताने तो कापला, चिकटवला, चार स्क्रू आवळले. आजवर हे शेवटचं काम काका मला करू देत नसत. रेकॉर्ड लावली. तंबोरा सुरू झाला आणि मला रडू आलं, ते येऊ दिलं, आणि मग सुई उचलून पुन्हा पहिल्यापासून नीट ऐकलं. हेडफोन उलटा घालून परत ऐकलं.

काकू समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. "सारखं येतंय का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "खरं सांग हं."

हो म्हटलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं! त्यांच्या माणसाचं काम पुरं झालं असतं. त्या खोटं पकडणार नव्हत्या, आणि पकडू शकणारा माणूस आता नव्हता.

"नाही काकू," मी म्हटलं. "पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगलं आहे. पण उजवीकडची जवारी डावीकडे नाही अजून."

काकूंनी वही पुढ्यात घेतली आणि त्यांच्या गोल अक्षरात मी म्हटलं ते शब्द न् शब्द लिहून काढलं.

"फिल्म उरली आहे कपाटात," त्या म्हणाल्या. "सोमवारी ये पाछा."

गेल्या सोमवारी पडदा ताणतानाच फाटला. या सोमवारी परत जाणार आहे.